शुल्कपत्रकाच्या पहिल्याच पानावर ‘ही योजना येथे लागू नाही’ असे छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की परभणी, नांदेड, लातूर, बीड अशा जिल्ह्याच्या गावांतील मंगल कार्यालयांत लग्नांच्या जोडीने शैक्षणिक मेळावेही भरू लागतात. गेल्या वर्षी अशाच एका मेळाव्यात माझ्या धाकट्या भावाने माझ्या पुतणीचा अभियांत्रिकीचा प्रवेश पुण्याकडील एका खासगी विद्यापीठात निश्चित केला आणि दीड लाख रुपये भरून तो घरी आला. त्या विद्यापीठाचे नाव मी मुद्दामच देत नाही. माझे म्हणणे एका संस्थेपुरते नाही, तर खेड्यातील पालकांपर्यंत शुल्काची आणि सवलतींची माहिती ज्या अर्धवट रीतीने पोहोचते, तिच्याविषयी आहे.

भाऊ सहा एकरांचा कोरडवाहू शेतकरी आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गात मोडतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ देण्याचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ रोजी निघाला. ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ एवढाच त्याचा मथळा गावोगावी पोहोचला. त्यामुळे शुल्कपत्रकावर शिक्षण शुल्क ३,२०,००० रुपये आणि वसतिगृह व खानावळ १,४५,००० रुपये असे वर्षाचे आकडे दिसले, तरी भाऊ डगमगला नाही. पहिली रक्कम शासन देईल आणि दुसरीची तजवीज आपण करू, असा त्याचा सरळ हिशेब होता. टेबलापलीकडच्या समुपदेशकाने ‘शिष्यवृत्ती आहे, काळजी करू नका’ असे सांगितले. ती कोणाची, हे भावाने विचारले नाही आणि समुपदेशकानेही सांगितले नाही.

ऑगस्टमध्ये सेलूच्या एका नेट सेंटरवर आम्ही महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरायला बसलो, तेव्हा संस्थांच्या यादीत त्या विद्यापीठाचे नाव सापडेना. केंद्रचालक मुलाने तीनदा शोधून पाहिले, स्पेलिंग बदलून पाहिले. शेवटी शासन निर्णयाची प्रत उघडली, तेव्हा खासगी अभिमत विद्यापीठे (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था) आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणारी विद्यापीठे या योजनेतून वगळली असल्याचे कंसातले शब्द दिसले. शिवाय प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा, ही अटही होतीच. भाऊ म्हणाला, “दादा, विद्यापीठ म्हणल्यावर सरकारीच असतंय की!” त्याला हसावे असे मला वाटले नाही. ज्या मराठवाड्यात १९५८ पासून विद्यापीठ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे आणि १९९४ पासून त्याच्या जोडीला नांदेडचे, असेच दोन पिढ्यांनी पाहिले, तेथे हा शब्द ऐकून माणसाने शासनाचा भरवसा धरला, तर चूक त्याची एकट्याची कशी?

गोंधळात भर घालणारी आणखी एक बाब आहे. अनेक खासगी विद्यापीठे शासनाच्या सीईटीचे गुण पाहून प्रवेश देतात. पालकाला वाटते, परीक्षा शासनाची म्हणजे प्रवेशही शासनाच्या प्रक्रियेतला. त्यातच ही विद्यापीठे मे-जूनमध्ये जागा निश्चित करून पैसे भरून घेतात, तर कॅपच्या फेऱ्या त्यानंतर रेंगाळत सुरू होतात. ‘जागा भरून जाईल’ या धास्तीने घाईत घेतलेला निर्णय मग चार वर्षे निस्तरावा लागतो. या शासन निर्णयाचा लाभ ज्या विनाअनुदानित महाविद्यालयात कॅपमधून गेल्यास मिळाला असता, अशी महाविद्यालये आमच्या घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर होती, हे येथे नमूद करतो.

समुपदेशक म्हणत होता ती शिष्यवृत्ती म्हणजे विद्यापीठाने स्वतः देऊ केलेली शुल्कातील सूट निघाली. ती सीईटीत ९० पर्सेंटाइलच्या वर गुण असणाऱ्यांना होती आणि पुढील वर्षी टिकवायची तर सीजीपीए (परीक्षांतील सरासरी श्रेणीगुण) व हजेरीची अट होती. पुतणीला ८१ पर्सेंटाइल आहेत.

मग आम्ही कर्जाकडे वळलो. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीत तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात तीन टक्के व्याज-सवलत आहे. योजना चांगली आहे, परंतु ती राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांपुरतीच आहे. मंजुरीच्या वेळी अशा संस्था ८६० होत्या आणि आमचे विद्यापीठ त्या यादीत नव्हते. साध्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण आमची चार वर्षांची गरज साडेअठरा लाखांच्या घरात जात होती. तालुक्याच्या बँकेने शेतजमीन तारण म्हणून घेण्यास नकार दिला आणि थकलेल्या पीककर्जामुळे भावाच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, बोट ठेवले.

शेतकरी हा आकडा कसा मोजतो, तेही सांगतो. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने सगळा माल गेला, असे धरले तरी एका वर्षाच्या ४,६५,००० रुपयांसाठी ८७ क्विंटल सोयाबीन लागते. भावाच्या सहा एकरांत चांगल्या सालीही पन्नास क्विंटलच्या आत माल होतो, आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर उभ्या शेंगा काळ्या पडल्या. बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी मी यात धरलेलीच नाही.

ऑगस्टअखेर आम्ही प्रवेश रद्द केला. शुल्क परताव्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत प्रवेशाच्या अंतिम तारखेपासूनच्या दिवसांनुसार १००, ९०, ८०, ५० आणि शून्य टक्के असे टप्पे ठरवून दिले आहेत आणि मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे. परंतु अंतिम तारीख नेमकी कोणती, पहिल्या फेरीची की शेवटच्या, यावरच आमची हुज्जत झाली. पुण्याच्या तीन खेपा झाल्यावर ७५,००० रुपये आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला हाती आला. कॅपची नोंदणी तोवर केव्हाच बंद झाली होती.

शासनाने खासगी विद्यापीठांतील शुल्कही भरावे, अशी माझी मागणी नाही, हे स्पष्ट करतो. जे शुल्क संस्था आपल्या मर्जीने ठरवते, ते सार्वजनिक तिजोरीतून भरत राहिल्यास ते वाढतच जाईल. ज्यांना परवडते, त्यांनी तेथे जरूर शिकावे. तेथील प्रयोगशाळा आणि नोकरीच्या संधी चांगल्या असू शकतात, हेही मी नाकारत नाही. मात्र प्रवेश देण्याआधी शुल्कपत्रकाच्या पहिल्याच पानावर, मराठीत आणि शुल्काच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, राज्य शासनाच्या कोणत्या योजना येथे लागू नाहीत हे छापणे प्रत्येक खासगी व अभिमत विद्यापीठाला बंधनकारक करावे. विद्यापीठाची स्वतःची सूट असेल, तर ती किती वर्षांची व कोणत्या अटींवर, तेही तेथेच असावे. जिल्ह्यात मेळाव्याला परवानगी देताना उच्च शिक्षण खात्याने आपलाही एक माणूस व एक टेबल तेथे ठेवावे आणि कॅपचे वेळापत्रक बारावीच्या निकालाआधी जाहीर करावे. यासाठी फारसा पैसा लागत नाही.

पुतणीने यंदा पुन्हा सीईटी दिली आहे. गेल्या वर्षीच्या कॅपमधील महाविद्यालयांची यादी भावाने छापून आणली असून प्रत्येक नावापुढचा ‘शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित’ हा रकाना तो आधी वाचतो, शुल्क नंतर.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सेलू, जि. परभणी