शनिवारच्या ऑनलाइन गप्पांची आठवण

मैत्रिणींनो, शनिवारी संध्याकाळी ७ ला भेटतोय, विसरू नका गं. आपल्यातलीच एक जण मेकॅनिकल इंजिनिअरिंग सोडून हेल्थकेअर कम्प्लायन्सच्या (म्हणजे हॉस्पिटलं नियम पाळतात का ते तपासायच्या) डेटात कशी शिरली ते सांगणारे. काम म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची बिलं एसक्यूएलने (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) चाळायची, एकाच डॉक्टरच्या नावावर एका दिवसात २४ तासांपेक्षा जास्त काम लागलंय का, साध्या तपासणीला महागडा बिलिंग कोड टाकलाय का, असलं सगळं हुडकायचं. क्वालिटी कंट्रोल केलेल्यांना हे पटकन जमेल असं माझं मत. पण १९९६ चा हिपा कायदा (पेशंटची माहिती जपायचा अमेरिकेतला कायदा) आणि आयसीडी-१० चे म्हणजे आजारांचे कोड बसून वाचावेच लागतात, तिथे शॉर्टकट नाही. प्रश्न आधीच इथे टाका, फक्त खऱ्या पेशंटचा डेटा दिसणारे स्क्रीनशॉट नकोत प्लीज!