उद्यमनगरातल्या सीट कव्हरवाल्या दादांना

दादा, पैसे घेतला नाहीत तर निदान हे तरी वाचा. बारक्याची कार सीट बसवून दिलीत, पण दुकानात गिऱ्हाइकांची एवढी गडबड की धड थँक्यू पण म्हणता आलं नाही.

जिथनं सीट घेतली त्या दुकानदारानं ती ड्रायव्हरशेजारी, एअरबॅगच्या पुढ्यात लावून दिलेली, पोराचं तोंड पुढं करून, सात महिन्यांच्या! वर म्हणतोय, बाळाला बाहेरचं दिसायला नको काय. पैसे मोजून घेताना बरं डोकं चालत होतं. तुम्ही सीट मागं नेलीत, उलटी फिरवलीत, गादीच्या फटीत हात घालून आयसोफिक्सचे, म्हणजे सीट थेट गाडीलाच अडकवायचे, हुक शोधलेत. "बाळाचं डोकं जड अन् मान कवळी, गचका बसला की सगळं मानेवर येतंय, उलटं बसलं की पाठीवर पसरतंय." हे एवढं सोपं करून आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

पण माझं खरं थँक्यू आमच्या सासूबाईंसाठी आहे. त्यांचं एकच, आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत व्हय, मांडीवर घेतो की. 2019 च्या कायद्यात 14 वर्षांखालच्या पोराला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसली तर 1000 रुपये दंड आहे हे पण सांगून बघितलं, त्या म्हणाल्या मी भरते. दुसरा कुणी असता तर त्यांना बाजूला ठेवून आमच्याशीच बोलला असता. तुम्ही साबणानं हात धुवून आलात, गाडीशेजारी उकिडवे बसलात आणि बेल्ट त्यांच्याच हातात दिलात. "आज्जी, तुम्हीच लावा. आता खांद्याजवळ पट्टा चिमटीत येतोय काय बघा, आला तर ढिला." आला. मग त्यांनीच ओढून घट्ट केला, परत चिमटी घेऊन बघितली आणि लय खूश झाल्या. माणसाला न दुखवता त्याला पटवायचं, हे भल्याभल्या शिकलेल्यांना जमत नाही हो.

आता जोतिबाला निघालो की त्याच आमच्यावर ओरडतात, आधी स्वेटर काढ, मग बेल्ट, पांघरूण वरनं घाल.

भावाची जुनी गाडी पाठवतेय तुमच्याकडं, तिला आयसोफिक्स नाही, साध्या बेल्टनंच सीट बसवायला लागणार. त्याच्याकडनं पैसे घ्या मात्र, तो देतोय.