ती टॉय ट्रेन नाही हो!

संपादक महोदय,

पर्यटनाच्या पानांवर अमेरिकेतल्या जुन्या वाफेच्या गाड्यांबद्दल लिहिताना सरसकट 'टॉय ट्रेन' लिहून मोकळे होतात, म्हणून हे पत्र. मुलीकडे गेलो होतो तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्ग रेलरोडने दोनदा फिरलो, त्यात खेळण्यातलं काहीच नाही. रूळ तिकडच्या नेहमीच्याच मापाचे, कंपनीची सनद १८३२ सालची, लाईन मात्र जेमतेम साडेचार मैल. अशा छोट्या रेल्वेला तिकडे शॉर्ट लाईन म्हणतात, म्हणजे आसपासचा माल मोठ्या रेल्वेपर्यंत नेऊन द्यायचा हा मूळ धंदा. मग ट्रॉली म्हणजे विजेवरची ट्राम आली, ट्रक आले, धंदा बसला, लाईन मोडीत निघायच्या बेतात होती तेव्हा १९५८ मध्ये काही रेल्वेवेड्यांनी पैसे गोळा करून ती चक्क विकत घेतली, आणि १९५९ पासून सहलीच्या फेऱ्या सुरू केल्या. पण मालवाहतूक सोडली नाही, आजही करतात, हे कुणी लिहीतच नाही.

डबे लाकडी, छताचा मधला भाग वर उचललेला आणि त्याला बारीक खिडक्या, आत कोळशाची शेगडी. मी हौसेने डोकं बाहेर काढलं तर डोळ्यात कोळशाची कणी गेली, बायको म्हणाली आता गप बसा. लाईनच्या दुसऱ्या टोकाला, लीमन प्लेसला गाडी थांबते, तिथे शेजारीच ॲमट्रॅकची, म्हणजे तिकडच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची मेन लाईन. आपलं इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून गाडीच्या पार दुसऱ्या टोकाला येतं आणि धप्पकन जोडलं जातं, अख्खा डबा हलतो. पोरंच काय, म्हातारेसुद्धा खिडकीला चिकटलेले.

आता हे सगळं नुसता रंग मारून टिकत नाही. त्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे, बाहेरच्यांची इंजिनंही तिथे दुरुस्तीला येतात. १९९५ मध्ये त्याच राज्यात गेटिसबर्गजवळ सहलीच्या गाडीच्या बॉयलरमध्ये पाणी कमी पडून स्फोट झाला, इंजिनावरचे तिघे भाजले, त्यानंतर नियम नव्याने लिहिले गेले. बॉयलर पेटवल्याचे १४७२ दिवस भरले किंवा १५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा सगळं उघडून तपासायचं, म्हणजे केवढा खर्च बघा!

तेव्हा पुढच्या वेळी फोटोसोबत वर्कशॉपवरही दोन ओळी येऊ द्या. आणि जाणाऱ्यांना सांगा, पांढरा शर्ट घालून उघड्या डब्यात बसू नका.

- एक वाचक