मॅडम, ते पत्र मी अजून वाचलेलं नाही

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की "बरं, पुढचं बोल" म्हणून तुम्ही विषय मोडता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज करायचा तर तीन शिफारसपत्रं लागतात, एवढं सीनियर मुलांकडून कळलं होतं. ती मागायची कशी, हे कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्याआधी ज्या सरांकडे गेले, त्यांनी प्रेमाने पेनड्राइव्ह पुढे केला. "मागच्या वर्षीचं आहे. नाव बदल, लेटरहेडवर प्रिंट आण, सही करतो." घरी येऊन उघडलं तर दोन ठिकाणी मी मुलगा होते आणि कॉलेजच्या क्रिकेट संघात खेळत होते. सरांना दोष देत नाही. ऑक्टोबर उजाडला की त्यांच्या दारात रांगच लागते.

तुमच्याकडेही हीच पद्धत असणार असं धरून मी मजकूर लिहूनच आणला होता. तुम्ही तो कागद न वाचता पालथा ठेवलात आणि विचारलंत, "मार्कशीटवर नाही असं काय लिहू तुझ्याबद्दल?" मला काही सुचेना. मग तुम्हीच म्हणालात, "आंबेनळीची फील्ड डायरी आहे का अजून? घेऊन ये."

ती डायरी मी नेमकी लपवायच्या बेतात होते, हे आज सांगून टाकते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक दिसतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा असतो, त्याला आम्ही भूशास्त्रवाले रेड बोल म्हणतो. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर ऊन-पाऊस खाऊन माती झाली आणि मग पुढचा लाव्हा आला, याची ती खूण. थर मोजताना हे पट्टे फार उपयोगी पडतात. मी एका वळणावर एक पट्टा नोंदवला आणि वळण पार करून तोच पट्टा पुन्हा दिसल्यावर दुसरा म्हणून नोंदवला. उंची लिहायचा कंटाळा केला होता, दुसरं कारण नाही. अहवाल दिला, वीसपैकी अठरा मिळाले. महिनाभराने आकृती पुन्हा काढताना एक थर कुठेच बसेना. तेव्हा रविवारी स्वारगेटहून पहाटेची एसटी धरून महाबळेश्वर गाठलं, तिथून पोलादपूरच्या गाडीने घाटात उतरले आणि चूक पाहून आले. सोमवारी तुम्हाला सांगितलं. तुम्ही शांतपणे दोन मार्क कमी केलेत.

मैत्रिणी आठवडाभर हसत होत्या. "मार्क पडल्यावर कोण सांगायला जातं गं?"

तर ती डायरी तुम्ही चाळलीत, खोडलेल्या नोंदीवरची एकच सरळ रेघ आणि शेजारची तारीख पाहिलीत आणि म्हणालात, "हे लिहिणार आहे मी. तुझी चूकसुद्धा लिहिणार." मी घरी जाऊन रडले. शिफारसपत्रात चूक?

मग फॉर्ममधला तो प्रश्न आला : ही पत्रं पुढे वाचायचा हक्क सोडता का? १९७४ च्या तिकडच्या कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला असा हक्क आहे. बाबांनी उभी हयात पतसंस्थेत काढलेली, न वाचता कशाला हो म्हणायचं नाही हा त्यांचा धर्म. "हक्क आहे तर सोडायचा कशाला?" तुम्ही फोनवर त्यांना समजावलंत. मुलगी वाचणार हे माहीत असेल तर लिहिणारा गोडच लिहितो, आणि गोड पत्रावर तिकडे फारसा कुणी विश्वास ठेवत नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे गोपनीय अहवालच की!" आणि गप्प बसले.

सहा विद्यापीठं, म्हणजे सहा पोर्टल, सहा वेगळे ईमेल. कॉलेजचा अधिकृत ईमेल हवा म्हणून तुम्ही तुमचं बंद पडलेलं खातं ऑफिसमागे लागून सुरू करून घेतलंत. प्रत्येक ठिकाणी तोच चौकोन भरायचा : विद्यार्थिनी पहिल्या एक टक्क्यात, पाच, दहा की पंचवीस? तुम्ही मला आधीच सांगितलंत, "दहावर खूण केली आहे. पाचवर मी आजवर दोनच मुलं बसवली आहेत." तेव्हा लागलं होतं. आता वाटतं, माझ्याबद्दल इतकं नेमकं तोवर कुणी बोललंच नव्हतं.

आणि ती १५ डिसेंबरची, शेवटच्या मुदतीची रात्र. एका पोर्टलचा ईमेल तुमच्या स्पॅममध्ये पडून होता आणि ते मला कळलं रात्री दहाला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मूल्यांकनासाठी नॅकची टीम यायची होती, तुम्ही फायलींच्या ढिगात. मी फोनवर धड बोलूही शकत नव्हते. "तिकडे आत्ता किती वाजलेत?" तुम्ही विचारलंत. सकाळचे साडेअकरा. "मग रडतेस काय? आपल्या उद्या सकाळी साडेदहापर्यंत वेळ आहे. झोप." १६ तारखेला सकाळी आठला तुमचा मेसेज आला. एकच शब्द : झालं.

सहापैकी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, त्यातल्या ओरेगनला आले. पहिल्याच भेटीत गाइडने विचारलं, "तो घाटातला पट्टा, एकच निघाला ना शेवटी?" पत्रातलं मला कळलेलं एवढंच.

जूनमध्ये येते आहे. तुमच्या टेबलाच्या खालच्या खणात कोलंबिया नदीकाठचा बेसाल्ट नाही, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. एक तुकडा घेतला आहे, मुठीएवढा. आपल्या घाटातल्या दगडापेक्षा बराच तरुण, दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा. विमानतळावर कुणी अडवू नये म्हणून ब्रशने घासून माती काढली आहे आणि लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवला आहे. कुठून उचलला ते चिठ्ठीवर लिहिलं आहे. उंचीसकट.

तुमची विद्यार्थिनी