दोन रेकॉर्डच्या संचात पहिलीच रेकॉर्ड दोनदा आल्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय / महोदया,

आपल्याकडून मी अमेरिकी गायक-संगीतकार आयझॅक हेज यांच्या 'शाफ्ट' (१९७१) या डिटेक्टिव्हपटाच्या संगीताचा दोन एलपींचा संच मागवला. खोका चेपलेला नव्हता, सील शाबूत होतं, रेकॉर्डवर ओरखडाही नाही. अडचण अशी की दोन्ही पाकिटांतून पहिलीच रेकॉर्ड निघाली. दोन्हींवर बाजू १ आणि २. तिसरी-चौथी बाजू असलेली दुसरी रेकॉर्ड संचात नाहीच.

परतीच्या अर्जात मी 'चुकीची वस्तू' निवडलं. कव्हरचा फोटो जुळतो म्हणून आपण तो नामंजूर केलात. फोनवर आपल्या प्रतिनिधींनी विचारलं, "सर, वाजते ना नीट?" वाजते. दोन्ही वाजतात, अगदी तेच तेच वाजवतात. "पार्श्वसंगीतच आहे ना, काय फरक पडतो?" असं म्हणून त्यांनी दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवून दिलं.

फरक पडतो. मुळात हे सिनेमाच्या पट्टीवरून उचललेलं पार्श्वसंगीत नाही, हेज यांनी ते अल्बमसाठी मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. पंधरा रचनांपैकी गायलेली फक्त तीन. ऑस्कर मिळवणारं शीर्षकगीत पहिल्या बाजूवर आहे: हाय-हॅटची (ड्रमच्या जोड-झांजांची) ती टकटक, वर 'वा-वा' असा आवाज काढणारी गिटार, आणि अडीच मिनिटं उलटल्यावर कुठे हेज तोंड उघडतात. ते आता माझ्याकडे दोनदा आहे. उरलेली दोन्ही गाणी न आलेल्या रेकॉर्डवर. 'सोल्सव्हिल' हे गरीब वस्तीतल्या काळ्या माणसांच्या हलाखीचं गाणं. डिटेक्टिव्हची ऐट तिथे क्षणभर बाजूला राहते. आणि 'डू युअर थिंग' एकोणीस मिनिटांहून मोठं, चौथी बाजू जवळजवळ एकट्यानं व्यापणारं. त्याची कापून तीन-चार मिनिटांची केलेली आवृत्ती मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. पुरं गाणं रेकॉर्डवर ऐकायचं, एवढ्यासाठीच तर संच घेतला. ताटात आमटी दोनदा वाढलीत आणि पुरणपोळी वाढायचीच राहिली, असं झालंय.

पाकिटं भरतानाच ही अदलाबदल झाली असेल, तर कुणा दुसऱ्या ग्राहकाकडे दुसरी रेकॉर्ड दोनदा गेली असण्याची शक्यता आहे. त्या बिचाऱ्याला शीर्षकगीतच मिळालेलं नसेल. त्याचीही तक्रार आली असेल तर कृपया तीही नामंजूर करू नका.

कूपन नको. एक तर दुसरी रेकॉर्ड पाठवा, नाहीतर संच आपल्या खर्चानं परत नेऊन पूर्ण रक्कम द्या. पंधरा दिवसांत यांपैकी काहीच झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन. पुढचा संच पाठवताना कव्हरचा नको, रेकॉर्डच्या मधल्या लेबलांचा फोटो आधी पाठवावा. चारही बाजूंचा.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही रेकॉर्डच्या लेबलांचे फोटो