ट्रिलियमचे बी आणि नऊ वर्षांची वाट

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मध्यंतरी परदेशी फुलझाडांची ओळख करून देणारे एक टिपण आले होते. ट्रिलियम या उत्तर अमेरिकेतील रानफुलाचे कोरडे बी मागवून कुंडीत पेरावे आणि त्याच हंगामात फुले पाहावीत, असा त्याचा एकंदर सूर होता. मी बरीच वर्षे कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, हॅमिल्टन शहराजवळ राहतो आणि याच फुलाची रोपे बियांपासून तयार करण्याचा उद्योग मी 2014 पासून करत आहे. त्या अनुभवाच्या आधारे सांगतो, की हा सल्ला पाळणाऱ्याच्या हाती रिकामी कुंडी तेवढी उरेल.

ज्यांनी हे फूल पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ट्रिलियम हे नावच तीन या संख्येवरून पडले आहे. जमिनीत आडवा वाढणारा कंद, त्यातून निघालेला एकच दांडा, दांड्याच्या टोकाला बेलाच्या त्रिदलाची आठवण व्हावी अशी तीन पाने आणि त्यांच्या मधोमध तीन पाकळ्यांचे एकच फूल, एवढाच या झाडाचा संसार. पांढऱ्या पाकळ्यांचे ट्रिलियम ग्रॅन्डिफ्लोरम हे 1937 पासून ऑन्टारियोचे अधिकृत प्रांतपुष्प आहे. मेपल आणि बीच वृक्षांना पूर्ण पालवी फुटण्याआधी, साधारण मेच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीपर्यंत ऊन पोहोचते, त्या अवधीत इथल्या रानात ही फुले अक्षरशः हजारांनी उमलतात. काही दिवसांनी पाकळ्यांवर गुलाबी झाक चढते, ते फूल जुने झाल्याचे लक्षण. उन्हाळा सरत आला की पाने पिवळी पडून मातीला मिळतात.

आता बियांकडे वळतो, कारण खरी गोम तिथेच आहे. फळ जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये पिकते. हलका हात लावताच ते दांड्यापासून सुटू लागले, की बी तयार झाले असे समजावे. आत बाजरीच्या दाण्याएवढ्या तपकिरी बिया असतात आणि प्रत्येक बीला फिकट रंगाचा, तेलकट असा एक मांसल उंचवटा चिकटलेला असतो. तो मुंग्यांचा खाऊ. मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, तेवढा भाग खातात आणि उरलेले बी आपल्या कचऱ्याच्या ढिगावर टाकून देतात. त्या सकस मातीत ते पुढे रुजते. मुंगी बी नेऊन नेऊन किती दूर नेणार? काही हातांच्या अंतरावर. मग हिमयुगानंतर ही झाडे इतक्या उत्तरेकडे कशी पोहोचली, हा प्रश्न अभ्यासकांना पडला होता. न्यूयॉर्क राज्यातील संशोधकांनी 2003 मध्ये हरणांच्या लेंड्यांमधून ट्रिलियमच्या बिया मिळवून त्या रुजतात असे दाखवले, तेव्हा त्याचा एक धागा हाती लागला. गंमत अशी, की जे हरीण बी मैलभर लांब नेते तेच मे महिन्यात फुलासकट अख्खे रोप खाऊन टाकते आणि ज्या रानात हरणे फार झाली आहेत तिथून ट्रिलियम हळूहळू नाहीसे होत जाते.

हे बी सुकले, की त्याची रुजण्याची शक्ती झपाट्याने घटते. कोरड्या पाकिटातले ट्रिलियमचे बी म्हणजे बहुधा फुकट गेलेले पैसे. बी फळातून काढल्यावर लगेच पेरावे किंवा पेरणीपर्यंत ओलसर शेवाळात ठेवावे. मी पहिल्या खेपेला, ऑगस्ट 2014 मध्ये, ओळखीच्या एका कुटुंबाच्या खासगी रानातून त्यांच्या परवानगीने मोजकी फळे आणली आणि त्यातल्या साठ बिया कुजलेला पाला व वाळू यांच्या मिश्रणाने भरलेल्या लाकडी खोक्यात पेरल्या. वर खारींपासून बचावासाठी तारेची जाळी ठोकली आणि खोके घरामागच्या मेपलच्या सावलीत ठेवून दिले. 2015 चा वसंत आला आणि गेला, मातीवर काहीही दिसले नाही. शेजारच्या गृहस्थांनी खोके रिकामे करून टोमॅटो लावण्याचा सल्ला दिला. बहुतेक लोक इथेच चुकतात आणि माती फेकून देतात. ट्रिलियमच्या बियांची सुप्तावस्था दुहेरी असते. पहिला हिवाळा सरल्यावर बीमधून फक्त मूळ बाहेर येते आणि कोंब फुटायला दुसरा हिवाळा जावा लागतो. 2016 च्या एप्रिलमध्ये गवताच्या पात्यासारखी बारीक हिरवी बीजपत्रे वर आली. मी ती मोजली, तेवीस होती.

पुढचा काळ वाट पाहण्याचा. 2017 मध्ये प्रत्येक रोपाला एकच खरे पान आले आणि पुढची काही वर्षे त्या एका पानावरच रोपाने दिवस काढले. कंद पुरेसा पोसला गेला तेव्हा तीन पाने दिसली आणि पहिले फूल मे 2023 मध्ये आले. पेरणीपासून हिशोब केला तर जवळजवळ नऊ वर्षे. सह्याद्रीतल्या कारवीच्या फुलोऱ्याची सात वर्षे वाट पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हा धीर नवा नाही. मात्र कारवी एकदा फुलून मरते, तर ट्रिलियम एकदा फुलू लागले की पुढे अनेक वर्षे फुलत राहते. दुसऱ्या खेपेला मी बिया ओल्या शेवाळासह पिशवीत घालून तीन महिने फ्रीजमध्ये, तीन महिने घरातल्या उबेत आणि पुन्हा तीन महिने फ्रीजमध्ये ठेवल्या, त्यामुळे कोंब लवकर दिसले. घरच्यांना मात्र कोथिंबिरीच्या जुडीशेजारी मातकट पिशवी पाहावी लागली. फूल लवकर येण्याच्या दृष्टीने या युक्तीचा फारसा उपयोग झालेला नाही, कारण कंदाची वाढ आपल्या गतीनेच होते.

एवढ्या तपशिलात शिरण्याचे कारण आता सांगतो. ज्या रोपाला फुलायला सात ते दहा वर्षे लागतात, ते कोणी स्वस्तात विकत असेल तर ते बियांपासून वाढवलेले नसून रानातून उपटून आणलेले असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून खरेदी करताना रोप वाटिकेतच बियांपासून वाढवले आहे का, हे विचारावे आणि उत्तर गुळमुळीत मिळाले तर रिकाम्या हाताने परतावे. इथे येणाऱ्या आपल्या पाहुण्यांनाही विनंती आहे, की हौसेने हे फूल खुडू नये. ते खुडणे सर्वत्र गुन्हा आहे अशी इथे समजूत आहे. तसा प्रांतभर लागू असणारा कायदा नाही, पण प्रांतिक उद्यानांत फुले तोडण्यास बंदी आहे. शिवाय फुलाखालीच झाडाची सगळी पाने असल्याने ती फुलासोबत निघाली, तर त्या वर्षी कंदाला अन्न मिळत नाही आणि सावरायला त्याला वर्षे लागतात.

या कुळाचा एक सदस्य आपल्या हिमालयातही आहे. ट्रिलियम गोव्हानियानम असे त्याचे शास्त्रीय नाव, हिमाचल प्रदेशात त्याला नागछत्री म्हणतात. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या उंच जंगलांत ते वाढते. त्याचे कंद औषधी व्यापारासाठी खणून नेले जातात आणि कंद गेला की झाड गेले, त्यामुळे अनेक ठिकाणी ते विरळ झाले आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी पदभ्रमण मंडळे कुलू-मनालीकडे जातात. वाटेत कोणी ते कंद विकायला आणले, तर ते बहुतेक वेळा रानातलेच असणार, हे त्यांना ठाऊक असावे.

पुण्या-मुंबईच्या गच्चीत हे फूल वाढवू पाहणाऱ्यांना एवढेच सांगेन, की दोन बर्फाळ हिवाळ्यांची सोय फ्रीजमध्ये करता येईल, पण वाढलेल्या रोपाला दरवर्षी लागणारी थंडी आपण कुठून आणणार? शिवाय परदेशातून बी आणायचे तर भारत सरकारच्या वनस्पती संगरोध नियमांनुसार आयात परवाना आणि रोगमुक्तता प्रमाणपत्र लागते. खिशात घालून आणलेले बी त्या नियमांत बसत नाही. पुरवणीतल्या मजकुराची दुरुस्ती आपण पुढच्या अंकात छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक
हॅमिल्टन, ऑन्टारियो