डायग्रामच्या आधी काउंटरवर बसायला पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इन्फॉर्मेशन सिस्टिम्स आणि टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच ना, असं सगळे विचारतात आणि मी दरवेळी सांगते की नाही, तिकडे मशीन कसं चालतं यावर भर असतो, आमच्याकडे ते माणसांच्या कामात नीट बसतंय का ते बघायचं असतं. निदान बघायला हवं. पण वर्गात सगळ्यांचा जीव कोडिंगमध्ये, सिस्टिम अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे लोकांचं काम समजून घेऊन सिस्टिम कशी हवी ते ठरवायचा तास आला की अर्धा वर्ग गायब, कारण प्लेसमेंटला ते कोणी विचारत नाही असं सीनियर्सनी सांगून ठेवलेलं असतं.

मलाही तसंच वाटायचं. दुसऱ्या वर्षी लायब्ररीची सिस्टिम डिझाइन करायची असाइनमेंट होती, ग्रुपमधल्या बाकीच्यांनी नेटवरचे ईआर डायग्राम, म्हणजे सिस्टिममध्ये कोणती माहिती ठेवायची आणि तिचा एकमेकांशी संबंध काय ते दाखवणाऱ्या आकृत्या, थोडेफार बदलून दिले, मी सहज म्हणून काउंटरवर जाऊन दोन तास बसले. तिथल्या मॅडम परत आलेलं पुस्तक स्क्रीनवर नोंदवायच्या आणि मग शेजारच्या वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहायच्या. विचारलं तर म्हणाल्या, पान फाटलंय, बाइंडिंग सुटलंय हे टाकायला सॉफ्टवेअरमध्ये जागाच नाही, मग पुढच्या मुलाला उगाच दंड बसतो. ती वही आमच्या एकाही डायग्राममध्ये नव्हती! शिवाय फाटते ती एक प्रत, त्या नावाची सगळी पुस्तकं नाही, म्हणजे माहिती साठवायला पुस्तक आणि प्रत अशी दोन वेगळी टेबलं (तक्ते) हवीत, हे मला त्या वहीने शिकवलं. संगणकशास्त्रज्ञ कॉडने १९७० मध्ये माहिती अशा टेबलांत ठेवायचं रिलेशनल मॉडेल मांडलं, चेनने १९७६ मध्ये ईआर डायग्राममागचं ईआर मॉडेल, हे आम्हाला पाठ आहे, पण टेबलात काय यायला हवं ते काम करणाऱ्यालाच विचारावं लागतं.

आणि न विचारल्याने काय होतं ते ब्रिटनच्या पोस्टात दिसलं. १९९९ पासून बसवलेली होरायझन ही हिशोबाची कॉम्प्युटर सिस्टिम प्रत्यक्षात नसलेली तूट दाखवायची, शाखा चालवणारे सांगत राहिले की आम्ही पैसे घेतले नाहीत, पण कॉम्प्युटर खरा आणि माणूस खोटा ठरला, ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, शेवटी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. हे आमच्या सिलॅबसमध्ये नाही, मला फार वाईट वाटतं याचं.

शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तर रिपोर्टसकट विकत मिळतात, डेमो चालला की मार्क. माझी विद्यापीठांना कळकळीची विनंती आहे की कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी दोन आठवडे आम्हाला ज्यांच्यासाठी सिस्टिम बनवायची त्यांच्याजवळ बसायला लावा, तिथल्या नोंदींना मार्क द्या, आणि व्हायव्हाला त्यांच्यातल्याच एकाला प्रश्न विचारायला बोलवा. आमच्या बॅचचं राहिलं ते राहिलं, पुढच्या बॅचच्या प्रोजेक्टचे विषय ठरायच्या आधी एवढं तरी करा.

आपली,
शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी